हेडक्लार्कांच्या सशांची बैठक

जेवणाच्या टेबलावर पायपुसणं अंथरावं, त्यावर ससा बसवावा आणि एक डोळा मिटून त्याच्या पाठीकडे बघत राहावं, ही काही शहाण्यासुरत्या माणसाची सकाळ नव्हे. पण विमा कंपनीचे हेडक्लार्क हल्ली रोज ऑफिसला जाण्यापूर्वी हेच करत होते. पायपुसणं कोरं आहे, असं त्यांनी बायकोला शपथेवर सांगितलं होतं. बायकोचा आक्षेप पायपुसण्याला नव्हताच, टेबलाला होता. पण इतक्या वर्षांच्या संसारात कुठला आक्षेप बोलून दाखवावा आणि कुठला चहाबरोबर गिळावा, हे तिला पक्कं कळलं होतं.

“अहो, त्याला जरा खाऊ तरी द्या,” ती म्हणाली. “मघापासून गाजराकडे बघतोय.”

“खाल्लं की पोट सुटतं. पोट सुटलं की पाठीची रेषा बिघडते.”

बायकोने नवऱ्याच्या बनियनवर एक नजर टाकली आणि चहा गाळायला वळली.

सशांचं हे प्रकरण घरात आलं ते अगदी सरळ मार्गाने. ऑफिसातला एक सहकारी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला आणि जाताना आपली पाळलेली सशाची मादी हेडक्लार्कांच्या स्वाधीन करून गेला. जातिवंत आहे, गुटगुटीत आणि आखूड कानांची जात आहे, एवढं त्याने सांगितलं. ती कुठल्या अवस्थेत आहे, ते सांगायचं राहिलं. लवकरच गॅलरीतल्या खोक्यात पाच पिल्लं वळवळू लागली. आईला सगळे ‘मोठी’ म्हणू लागले. पिल्लांपैकी जाडजूड तो तक्क्या, ठिगळं लावल्यासारखी ती चिंधी, कुठेही टाकलं तरी तिथेच पडून राहणारं ते ढेकूळ आणि आखूडशी ती बुटकी. पाचव्यापर्यंत येता येता बायकोची कल्पनाशक्ती दमली, म्हणून त्याचं नाव पाचवा.

पिल्लं वाढली. सशाची पिल्लं वाढतात, यात नवल काही नाही, पण हेडक्लार्कांना ते रोज नव्याने वाटायचं. मग एके दिवशी चिंधीने टेलिफोनची वायर कुरतडली, आणि दोन दिवस फोन लागत नाही म्हणून सोसायटीचे चेअरमन जातीने वर आले. गॅलरीचं दार उघडंच होतं.

आता सोसायटीचा नियम असा होता की प्रत्येक फ्लॅटमध्ये कमाल दोन पाळीव प्राणी. हा नियम कुत्र्यांच्या एका जुन्या भांडणावरून झाला होता, आणि त्याचा मसुदा लिहून दिला होता खुद्द हेडक्लार्कांनी. शब्दन् शब्द तोलून लिहिला होता. त्यातून मुंगीही सुटणार नाही, असं तेव्हा ते अभिमानाने म्हणाले होते.

“ही पिल्लं अजून अज्ञान आहेत,” हेडक्लार्क म्हणाले. “आमच्या व्यवसायात अज्ञान मुलं आईवडिलांच्याच नावावर धरतात.”

“कधीपर्यंत?”

“सज्ञान होईपर्यंत.”

“आणि ससा सज्ञान कधी होतो?”

इथे हेडक्लार्कांनी चेअरमनसाठी चहा सांगितला. ससा फार लवकर सज्ञान होतो, आणि झाल्यावर काय करतो ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. चेअरमननी पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत मुदत दिली. त्यानंतर दोन म्हणजे दोन. ते हे सगळं कडक आवाजात बोलत होते तेवढा वेळ पाचवा त्यांच्या बुटावर बसून होता, आणि त्यामुळे चेअरमनना पाय आपटता येत नव्हता.

मोठी राहणार हे ठरलेलंच होतं, कारण ती दुसऱ्याची ठेव. म्हणजे पाचांतला एक राहणार आणि चार जाणार. कुठे जाणार, हा प्रश्न दोनच दिवसांत दारात येऊन उभा राहिला. शहराबाहेर ज्याचा फार्म होता, असा एक गृहस्थ बातमी ऐकून आला. माणूस गोड बोलणारा होता. त्याने एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचललं, हाताने जरा खालीवर केलं आणि म्हणाला, “पाचही घेतो. मी वजनावर घेतो.”

बायको गॅलरीच्या दारात उभी होती. फार्मवाला गेल्यावर तिने सशांना पुन्हा एकदा खायला घातलं, मग भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली आणि शेवटी नवऱ्यासमोर येऊन बसली.

“अहो,” ती म्हणाली, “काहीही करा, पण वजनावर नको.”

हेडक्लार्कांनाही तो ‘वजनावर’ शब्द टोचत होता. पण ‘काहीही करा’ हे वाक्य हेडक्लार्कला सांगावं का, याचा विचार तिने करायला हवा होता.

*

शहरात एक ससेपालक मंडळ होतं आणि त्याचं वार्षिक प्रदर्शन नेमकं त्याच रविवारी होतं. तिथे बाहेरून परीक्षक येतात, एकेक ससा टेबलावर घेऊन त्याचा बांधा तपासतात, आणि ज्याच्यापासून पुढचा वंश वाढवावा अशा लायकीच्या सशाला निळी फीत बांधतात. निळ्या फितीचा ससा न्यायला चांगले चांगले ससेवाले रांग लावतात आणि पुढे त्याला जावयासारखा सांभाळतात. म्हणजे गणित सोपं होतं. फीत मिळाली तर जावई, नाही मिळाली तर वजन.

“ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या,” हेडक्लार्क बायकोला म्हणाले, “त्याला सशातल्या चुका दिसणार नाहीत होय? आणि दिसल्या की झाकता येणार नाहीत?”

या दोन वाक्यांतलं पहिलं खरं होतं की दुसरं, ते पुढे कळलंच.

मंडळाची कचेरी एका सायकलच्या दुकानात होती आणि सायकलवाला हाच मंडळाचा चिटणीस. प्रदर्शनात ससा ठेवायचा तर आधी सभासद व्हायला हवं, सभासद व्हायचं तर अर्ज भरायला हवा. हेडक्लार्कांनी असा अर्ज भरला की तो चौकटीत लावून भिंतीवर टांगावा. सायकलवाल्याने ट्यूबचं पंक्चर काढता काढता त्यावरून नजर फिरवली.

“इथं रंग लिहिलाय पांढरा व तपकिरी. एकच रंग लिहायचा.”

“पण ससा दोन रंगांचा आहे.”

“असेल. रकाना एकच आहे.”

दुसऱ्या खेपेला सही रकान्याच्या रेषेवर चढली होती. तिसऱ्या खेपेला सही बरोबर होती, पण सायकलवाल्याच्या ग्रीसच्या बोटाचा ठसा नेमका तारखेवर उमटला आणि तारीख वाचता येत नाही म्हणून त्यानेच अर्ज परत केला. “उद्या या,” तो म्हणाला. हे दोन शब्द हेडक्लार्कांनी उभ्या हयातीत हजारो लोकांना ऐकवले होते. ते कानावर पडल्यावर माणसाला नेमकं कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरी जाताना ते दोन वेळा रस्ता चुकले.

पण सायकलवाला मनाने वाईट नव्हता. अर्ज एकदाचा घेतल्यावर त्याने दुकानातलाच एक म्हातारा ससा गल्ल्याशेजारी ठेवला आणि प्रदर्शनातली बैठक कशी द्यायची ते दाखवलं. बैठक म्हणजे सशाची परीक्षेची पोझ. पुढचे पंजे बरोबर डोळ्यांच्या रेषेखाली, मागचे पाय कमरेखाली सारखे, शेपटी मोकळी, आणि मग डोक्यापासून मागे एक हात हलकेच फिरवायचा. पाठ मानेपासून चढत जायला हवी, कमरेवर सगळ्यांत उंच आणि मग गोल खाली उतरायला हवी. थोडक्यात, टेबलावर वाटी उपडी घातल्यासारखा ससा दिसला पाहिजे.

तेव्हापासून हेडक्लार्कांच्या घरात रोज सकाळी पाच वाट्या उपड्या पडू लागल्या. पहिल्या आठवड्याचं वर्णन न केलेलंच बरं. तक्क्याने चहाचा कप लाथाडला, चिंधीने त्यांच्या शर्टाचं बटण खाल्लं, आणि ढेकळाने ऑफिसला नेण्याच्या पिशवीत असं काही केलं की त्या दिवशी साहेबांनी हेडक्लार्कांना खिडकीजवळ बसायला सांगितलं. पण चिकाटी मोठी. हळूहळू हात बसला. पुढचे पंजे किंचित मागे घेतले की पडका खांदा वर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. कमरेमागे दोन बोटं टेकवून ठेवली की पसरट पाठ गोल होते. हनुवटी तर्जनीवर तोलली की मान नाहीशी होते. शेवटी शेवटी अशी वेळ आली की त्यांच्या हाताखाली गॅलरीतली उशी ठेवली असती, तरी ती जातिवंत दिसली असती.

इथेच एक गडबड झाली, पण ती त्यांच्या लक्षात आली नाही. पाचांतला घरी ठेवायचा एक निवडावा, म्हणून ते आधी बैठक द्यायचे आणि मग गुण मांडायचे. झालं असं, की पाचांनाही सारखेच गुण पडायला लागले. सोमवारी चिंधी पहिली, मंगळवारी ढेकूळ, बुधवारी पुन्हा चिंधी. एकदा तर बुटकीलाच दोनदा तपासून तिला दोन वेगळे नंबर दिले गेले. दुसऱ्या कुणी शंका घेतली असती. हेडक्लार्क म्हणाले, “पाचही अव्वल आहेत. निवड करणं कठीण जातंय.”

“मोठीला नाही बसवत कधी?” बायकोने विचारलं.

“तिला काय बसवायचं? ती जातिवंत आहेच.”

शेजाऱ्यांना बातमी लागायला काय उशीर. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन उतरले आणि पाचही तोंडं उघडून बघून गेले. बुटकीशी ते बराच वेळ थांबले. “वरचा दात खालच्यावर कसा बसलाय बघा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क हळवा झाला. “असं तोंड माझ्या खुर्चीत एकदा तरी बसावं असं फार वाटतं हो.” नंतर ते रोज यायला लागले. दात एका दिवसात बदलत नाहीत हे डॉक्टरांना कुणी सांगायचं.

तळमजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घालूनच आला. त्याने चिंधीची पाठ, छाती आणि गळा मापला, “मागून जरा घ्यावी लागेल,” असा निर्वाळा दिला, आणि मग हात रिकामा राहू नये म्हणून हेडक्लार्कांचंही माप घेतलं. “साहेब, खांदे फार उतरले तुमचे. पुढच्या कोटाला पॅड घालू.” हेडक्लार्क ताबडतोब ताठ झाले. ऑफिसात, जिन्यात, लग्नाच्या फोटोत ते नेहमी ताठच असत. त्यांचे खांदे उतरलेले होते, हे फक्त बायकोला माहीत होतं, आणि आता शिंप्याला.

चेअरमन मात्र सल्ला द्यायला येत नसत. ते पाहणीला येत. रोज संध्याकाळी यायचे, ससे मोजायचे, सहा भरले की मान हलवायचे आणि खुर्चीवर बसायचे. चहा व्हायचा. पाचवा बुटावर यायचा. घरी चेअरमन एकटेच होते, मुलं परगावी. पाहणीला इतका वेळ का लागतो, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

*

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या गाडीतून सगळे निघाले. शिंप्याने कापडाचे खोके दिले होते, आणि खोक्यांबरोबर स्वतःलाही दिलं होतं. चिंधीचं काय होतं ते त्याला बघायचं होतं. मोठी एकटी घरी काय करेल, म्हणून बायकोने तिलाही मांडीवर घेतलं. चेअरमन पुढच्या सीटवर बसले. चार ससे खरोखर जातात की नाही, याची खात्री करून घेणं हे आपलं कर्तव्य आहे, असं ते म्हणाले.

चौकात सिग्नलला तक्क्या खोक्यातून निघाला आणि ब्रेकच्या पायाखाली जाऊन बसला. डॉक्टरांनी गाडी चौकाच्या मधोमध आहे तिथे बंद केली, चारही दारं उघडली आणि पाच मोठी माणसं रस्त्यावर ओणवी झाली. मागे हॉर्न सुरू झाले. वाहतूक पोलिसाने येऊन खाली वाकून पाहिलं आणि बराच विचार करून विचारलं, “याचं लायसन कुणाकडे आहे?” तो गाडीचं विचारत होता की सशाचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तक्क्या मात्र आपला आपण निघून बायकोच्या पिशवीत, गाजरांपाशी सापडला.

प्रदर्शन एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. दारातच हेडक्लार्कांना तो फार्मवाला दिसला. टेम्पोला टेकून उभा होता. शेजारी जाळीचे पिंजरे रिकामे होते आणि हातात वजन करायचा, आकडा असलेला ताणकाटा. त्याने ओळखीचं हसून हात वर केला. बायकोने मोठीला पदराखाली घेतलं.

परीक्षक बाई पांढरा कोट घातलेल्या, आखूड केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या टेबलावर निळ्या फितींचं एक बंडल होतं. हेडक्लार्कांनी त्यातल्या पाच फिती नजरेने आधीच वेगळ्या काढल्या.

पहिला तक्क्या. हेडक्लार्कांनी बाह्या सावरल्या. पंजे डोळ्यांखाली घेतले, मागचे पाय जुळवले, हनुवटी तर्जनीवर तोलली आणि डोक्यापासून एकच हात फिरवला. तक्क्या फुगला, चढला, गोल झाला. आसपासची कुजबुज थांबली. सायकलवाला टाचा उंच करून म्हणाला, “वा.” परीक्षक बाई वाकल्या. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, टेबलाला एक फेरी घातली.

“छान,” त्या म्हणाल्या. “आता हात काढा.”

“हात आहेच कुठे?” हेडक्लार्क म्हणाले. “नुसता टेकलाय.”

“टेकलेला काढा.”

त्यांनी हात काढला. तक्क्याने एक सुस्कारा सोडला. खांदे पुढे गेले, पाठ बसली, पोट दोन्ही बाजूंनी निवांत बाहेर आलं, आणि दोरीवरचा ओला टॉवेल खाली पडावा तसा तो जागच्या जागी पसरला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. ते हसणं होतं.

“पुढचा,” परीक्षक बाई म्हणाल्या.

चिंधी चढली आणि हात काढल्यावर उतरली. ढेकूळ तर हात काढायच्या आधीच उतरलं. बुटकीच्या वेळी बाई सशाकडे बघतच नव्हत्या, हेडक्लार्कांच्या बोटांकडे बघत होत्या. पाचव्याला बैठक देताना त्या बोटांना घाम सुटला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, असं त्यांच्या मनात आलं, आणि इथे तर हात काढून अवलक्षण झालं होतं. त्यांना फितींचं बंडल दिसत होतं. ते पहिल्याइतकंच जाड होतं.

“पाचांचेही खांदे पडके आहेत,” परीक्षक बाई म्हणाल्या. “अगदी सारखे. यांची आई कुठाय?”

बायकोने मोठीला टेबलावर ठेवलं. तिला कुणी कधी बैठक दिली नव्हती आणि तिनेही कधी मागितली नव्हती. ती बसली ती आपल्या पद्धतीने, म्हणजे खांदे सोडून आणि पोट पसरून. तिच्यामागे तिची पाच लेकरं तशीच पसरली होती. एकाच साच्यातून काढलेली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“हिला कधी तपासलंत?”

“नाही,” हेडक्लार्क म्हणाले. “ती… ती जातिवंत आहे, असं सांगण्यात आलं होतं.”

कचेरीत कुणी असं उत्तर दिलं असतं, तर हेडक्लार्कांनी तो कागद फेकून दिला असता. ऐकीव माहितीवर विश्वास ठेवून खालचे पाच कागद तपासले आणि वरचा मूळ कागद वाचलाच नाही. नव्या कारकुनालाही त्यांनी ही चूक माफ केली नसती.

“जात चांगलीच आहे, पण खांद्यात गेली. यांच्यापासून वंश वाढवू नका. जनावरांच्या डॉक्टरांकडून तशी काळजी घेऊन टाका लवकर,” बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा सैल झाला. “तब्येती उत्तम आहेत. अंगाला हात लावू देतात. घरात ठेवायला यांच्यासारखे ससे नाहीत. आणि दात फारच सुंदर.”

“तरी मी सांगत होतो,” डॉक्टर म्हणाले.

पण हेडक्लार्कांना पुढचं ऐकू येत नव्हतं. फार्मवाला आत आला होता. त्याने ताणकाट्याचा आकडा रुमालाने पुसला आणि अदबीने विचारलं, “मग साहेब, चढवू का?”

बायको खोक्यांच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. ती नवऱ्याकडे बघत होती. हेडक्लार्कांनी खोक्यांकडे पाहिलं. फीत गेली, अब्रू गेली, आणि आता ही पाच पडक्या खांद्यांची जनावरं जाणार होती, ज्यांना त्यांनी महिनाभर रोज सकाळी स्वतःच्या हाताने राजासारखं बसवलं होतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातून जे बाहेर पडलं ते त्यांचं त्यांनाच नवीन होतं.

“नाही,” ते म्हणाले. “एकही चढणार नाही.”

“आणि नियम?” मागून चेअरमनचा आवाज आला.

“नियम मी लिहिलाय, मीच मोडतो. काय दंड करायचा तो करा.”

जे हेडक्लार्कांना ओळखत होते त्यांना धक्का बसला, जे ओळखत नव्हते त्यांनाही काहीतरी झालंय एवढं कळलं.

“मोडायचं कशाला?” चेअरमन म्हणाले. “जरा म्हणून दाखवा नियम.”

हेडक्लार्कांना तो पाठच होता. “प्रत्येक फ्लॅटमध्ये कमाल दोन पाळीव प्राणी ठेवता येतील.”

“मीही फ्लॅटमध्येच राहतो,” चेअरमन म्हणाले. मग त्यांनी वाकून पाचव्याला उचललं. पहिल्यांदाच उचलत होते, त्यामुळे उलटं उचललं. पाचव्याने काही हरकत घेतली नाही. “पाहणीला रोज दोन जिने चढून गुडघे दुखतात माझे. घरातल्या घरात पाहणी झालेली बरी.”

डॉक्टर तोवर बुटकीच्या खोक्यावर हात ठेवून उभे होते. एकटी राहिली की तिच्या दातांवर परिणाम होईल, असं काहीतरी शास्त्रात नसलेलं कारण सांगून त्यांनी ढेकूळही घेतलं. शिंप्याने चिंधीला काखेत मारली आणि बजावलं, “कपड्याला तोंड लावलंस तर मागून खरंच घेईन हं.” तिने तेवढ्यात त्याच्या टेपचं टोक खाल्लं होतं.

हेडक्लार्कांनी मोजलं. मोठी आणि तक्क्या उरले होते. दोन. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण सवय जात नाही. पुन्हा दोनच आले, आणि त्यांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना जवळच्या बाकावर बसावं लागलं. बायकोने फार्मवाल्याला एक गाजर देऊ केलं. तिला इतका आनंद झाला होता की कुणालातरी काहीतरी द्यायलाच हवं होतं. त्याने ते घेतलं आणि खात खात टेम्पोकडे गेला. माणूस तसा वाईट नव्हता.

निघताना परीक्षक बाईंनी हेडक्लार्कांना थांबवलं. “चांगल्या सशांनाही पुष्कळदा नीट बसवणारा मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही. पुढच्या वर्षी मंडळातर्फे इतरांच्या सशांना बैठक द्यायला याल?”

हेडक्लार्क ताठ झाले. खांदे वर गेले. “विचार करता येईल,” ते म्हणाले.

“त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागेल,” सायकलवाला म्हणाला.

*

संध्याकाळी इमारत शांत होती. वरून डॉक्टरांचा लाडिक आवाज येत होता. बुटकीला ते ‘आ’ करायला सांगत असावेत. चेअरमननी खालून निरोप पाठवला होता की पाचवा बुटावर बसलाय, त्यामुळे आज मीटिंगला येता येणार नाही. मीटिंग त्यांनीच बोलावली होती.

जेवणाच्या टेबलावर पायपुसणं नव्हतं. गॅलरीत मोठी आणि तक्क्या कोबीच्या पानावर आडवे झाले होते. हेडक्लार्क सोफ्यावर येऊन बसले. सवयीने ताठ बसले होते, मग केव्हातरी त्यांनी एक सुस्कारा सोडला. खांदे खाली आले, मान आत गेली, बनियनमधून पोट दोन्ही बाजूंना निवांत पसरलं. इतकं मोकळं ते कित्येक दिवसांत बसले नव्हते.

बायको चहा घेऊन आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“काय बघतेस?”

“काही नाही. हात काढल्यावर तुम्हीही असेच पसरता, हे त्या बाईंना दाखवायचं राहिलं.”

हेडक्लार्कांनी उठून ताठ व्हायचा विचार केला आणि सोडून दिला. “नापास झालो असतो,” ते म्हणाले. “मग काय, तो ताणकाटावाला आहेच.”

“तुम्हाला वजनावर द्यायचं नाही,” बायको त्यांच्या शेजारी टेकत म्हणाली. “मी घरातच ठेवणार आहे.”